खटला नसलेला एपिसोड

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या मराठी घरात 'लॉ अँड ऑर्डर' ही मालिका कुणालाच माहीत नाही, असं सहसा होत नाही. १३ सप्टेंबर १९९० रोजी एनबीसीवर सुरू झालेली ही मालिका मे २०१० पर्यंत सलग वीस सीझन चालली. भाग झाले ४५६! मग बारा वर्षांची विश्रांती घेऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. मधल्या काळात केबलवर तिचे जुने भाग इतक्या वेळा लागत की रिमोट हातात घेतला आणि लेनी ब्रिस्को भेटला नाही, असा वीकएंड क्वचितच जाई. प्रसंग बदलताना वाजणारा तो 'डुंग डुंग' आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला, तरी बाहेर काय लागलंय ते सांगता यायचं.

ही मालिका आपल्या लोकांना आवडण्याचं एक साधं कारण म्हणजे तिची ठरलेली चाल. पहिल्या अर्ध्या तासात पोलीस, दुसऱ्या अर्ध्या तासात सरकारी वकील. सुरुवातीला कुणाला तरी मृतदेह सापडतो, मग ब्रिस्को एक कोरडा विनोद करतो, चौकशी, एक-दोन चुकीचे संशयित, अटक, कोर्ट, ज्युरी, निकाल. पोळ्या लाटता लाटता पाहिली तरी धागा तुटत नाही. पात्रांच्या घरात ती सहसा शिरत नाही. कोण कुणाशी लग्न करणार, कुणाची सासू आजारी, असली भानगड नाही. काम सुरू, काम संपलं, पुढचं काम.

हीच मालिका आपली चाल मोडून एकदा वेगळ्या वाटेने गेली, आणि तो एपिसोड माझ्या मते तिच्या वीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचं नाव 'आफ्टरशॉक'. सहाव्या सीझनचा हा शेवटचा भाग २२ मे १९९६ रोजी दाखवला गेला. यात गुन्ह्याचा तपास नाही, अटक नाही, उलटतपासणी नाही, ज्युरी नाही. इतर एपिसोड जिथे थांबतात त्याच्याही पलीकडच्या टप्प्यावर हा सुरू होतो : शिक्षेच्या अंमलबजावणीवर.

मिकी स्कॉट नावाच्या माणसाला एका स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल मृत्युदंड झालेला आहे. त्याला विषारी इंजेक्शन देऊन मारलं जातं. काचेपलीकडे बसून ते पाहणाऱ्यांत आपले चौघे ओळखीचे आहेत : डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को (जेरी ऑरबाख), त्याचा तरुण जोडीदार रे कर्टिस (बेंजामिन ब्रॅट), सरकारी वकील जॅक मॅकॉय (सॅम वॉटरस्टन) आणि त्याची साहाय्यक क्लेअर किनकेड (जिल हेनेसी). दोघांनी त्याला पकडलं, दोघांनी त्याला ही शिक्षा मिळवून दिली. काम चोख झालं. आता उरलेला दिवस त्यांचा आहे. त्या दिवसाचं ते काय करतात, एवढाच हा एपिसोड.

आणि चौघांचाही तो दिवस हातातून निसटतो. मॅकॉय, जो कोर्टात कधी अडखळत नाही, तो बारमध्ये जाऊन बसतो. दारू पितो आणि अनोळखी माणसांजवळ आपल्या वडिलांविषयी बोलतो. वडील शिकागोचे पोलीस, कडक आणि मारकुटे. ब्रिस्को आपल्या दुरावलेल्या मुलीला, कॅथीला भेटतो. दोघांना एकमेकांशी धड बोलता येत नाही. कितीतरी वर्षं दारूला न शिवलेला हा माणूस संध्याकाळपर्यंत पुन्हा ग्लास हातात घेतो. कर्टिस हा चौघांतला सर्वांत नीतिमान, कॅथलिक, बायको-मुलींचा संसार सांभाळणारा. त्याला एक तरुण विद्यार्थिनी भेटते (ही भूमिका तेव्हा फारशी माहीत नसलेल्या जेनिफर गार्नरने केली आहे) आणि तो घसरतो. क्लेअर आपल्या सावत्र वडिलांकडे जाते. ते कायद्याचे प्राध्यापक. ही नोकरी आपण पुढे करायची की नाही, हा तिचा प्रश्न आहे. मृत्युदंड तिला आधीपासूनच मान्य नव्हता.

वाचताना वाटेल, हे तर नेहमीचं रडगाणं झालं! पण पाहताना तसं होत नाही, कारण चौघांपैकी कुणीही दिवसभरात मिकी स्कॉटसाठी रडत नाही. त्याने गुन्हा केलाच होता, याबद्दल एपिसोड शंकाही येऊ देत नाही. हा लेखकांचा मोठा प्रामाणिकपणा. फाशीविरुद्धच्या बऱ्याच कथा-सिनेमांत सोपी युक्ती असते : शेवटी कळतं की माणूस निर्दोष होता. मग प्रेक्षकाचं काम सोपं होतं, सगळा दोष चुकीच्या तपासावर टाकता येतो. इथे तपास बरोबर आहे, खटला बरोबर आहे, माणूस वाईट आहे. तरीसुद्धा त्याच्या मरणानंतर हे चौघे नीट उभे राहू शकत नाहीत. का, ते कुणीच सांगत नाही. भाषण नाही. 'डेड मॅन वॉकिंग' हा सिनेमा याच्या काही महिने आधी, १९९५ च्या डिसेंबरात आला होता. त्यात कैदी आणि त्याला धीर देणारी नन यांच्या बाजूने आपण मृत्यूकडे जातो. 'आफ्टरशॉक' आपल्याला काचेच्या दुसऱ्या बाजूला बसवतो, पाहणाऱ्यांच्या खुर्चीत.

ही खुर्ची कुणाची, हे समजायला त्या वेळच्या न्यूयॉर्कचा संदर्भ हवा. न्यूयॉर्क राज्यात शेवटचा मृत्युदंड १९६३ साली सिंग सिंग तुरुंगात, विजेच्या खुर्चीवर झाला. पुढे कायदा गेला आणि तो परत आणायची मागणी सुरू झाली. गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी आपल्या बारा वर्षांच्या कारकिर्दीत असली विधेयकं पुन:पुन्हा नाकारली. १९९४ च्या निवडणुकीत जॉर्ज पटाकी यांनी त्यांना हरवलं. मृत्युदंड परत आणीन, हे त्यांचं एक ठळक वचन होतं. मार्च १९९५ मध्ये त्यांनी कायद्यावर सही केली आणि १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. मालिकेने लगेच त्याच सीझनमध्ये 'सॅव्हेजेस' नावाच्या भागात मॅकॉयला पहिला मृत्युदंडाचा खटला लढायला लावला. आणि सीझनच्या अखेरीस 'आफ्टरशॉक'.

आता इथे कायद्याच्या काटेकोर प्रेक्षकाने हात वर करायला हवा. सप्टेंबरात लागू झालेल्या कायद्याखाली पुढच्या मे महिन्यात अंमलबजावणी? अपिलांना वर्षानुवर्षं लागतात. प्रत्यक्षात या कायद्याखाली न्यूयॉर्कमध्ये पहिली मृत्युदंडाची शिक्षा ठोठावली गेली ती १९९८ साली! म्हणजे मालिकेने घड्याळाचे काटे जबरदस्तीने पुढे ढकलले. वास्तवाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या मालिकेला हे शोभत नाही, असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. कायदा नुकताच झाला होता, बहुसंख्य लोक त्याच्या बाजूचे होते, आणि तो अमलात आल्यावर नेमकं काय होईल हे कुणी पाहिलं नव्हतं. मालिकेने ते आधीच पाहून घेतलं, एवढंच.

पुढे जे घडलं त्यामुळे तर हा एपिसोड आणखीच विलक्षण ठरतो. या कायद्याखाली सात जणांना मृत्युदंड सुनावला गेला, पण एकाचीही अंमलबजावणी झाली नाही. जून २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला तिथे 'कोर्ट ऑफ अपील्स' म्हणतात, चार विरुद्ध तीन मतांनी या कायद्यातलं एक कलम घटनाबाह्य ठरवलं. ज्युरीचं एकमत झालं नाही तर न्यायाधीश काय शिक्षा देतील, हे ज्युरीला आधीच सांगण्याविषयीचं ते कलम होतं. एकमत झालं नाही तर हा माणूस वीस-पंचवीस वर्षांनी पॅरोलला पात्र होईल, असं ऐकल्यावर त्या भीतीनेच एखादा ज्युरर मृत्युदंडाकडे ढकलला जाईल, असा आक्षेप. विधिमंडळाने कलम दुरुस्त केलं नाही. २००७ मध्ये उरलेली शेवटची शिक्षाही रद्द झाली आणि २००८ मध्ये गव्हर्नर पॅटरसन यांच्या काळात तुरुंगातली ती खोलीही मोडीत काढण्यात आली. शेजारच्या न्यू जर्सीने डिसेंबर २००७ मध्ये मृत्युदंड कायद्यानेच बंद केला.

म्हणजे मिकी स्कॉट ज्या टेबलावर मेला, त्यावर न्यूयॉर्कमध्ये खऱ्याखुऱ्या कुणालाच झोपवलं गेलं नाही. आणखी एक गंमत पाहा. मालिकेतला वृद्ध डिस्ट्रिक्ट ॲटर्नी ॲडम शिफ हा मॅनहॅटनचे खरे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी रॉबर्ट मॉर्गेन्थाऊ यांच्यावर बेतलेला होता. मॉर्गेन्थाऊ १९७५ ते २००९ अशी चौतीस-पस्तीस वर्षं त्या पदावर होते. त्यांचा मृत्युदंडाला उघड विरोध होता आणि कायदा असूनही त्यांच्या ऑफिसने एकाही खटल्यात तो मागितला नाही. टीव्हीवरच्या मॅनहॅटनने जे करून पाहिलं, ते खऱ्या मॅनहॅटनने टाळलं.

आपल्या मंडळींना यात काय? आहे, पुष्कळ आहे. आपण भारतातून आलो तेव्हा खटला म्हणजे 'सरकार विरुद्ध अमुक' ही आपली सवय. इंग्लंडमध्ये राजमुकुटाच्या नावाने खटला चालतो. न्यूयॉर्कमध्ये कागदावर लिहिलेलं असतं 'द पीपल ऑफ द स्टेट ऑफ न्यूयॉर्क' विरुद्ध अमुक. लोक विरुद्ध अमुक! मालिकेच्या सुरुवातीचा तो प्रसिद्ध आवाजही या 'लोकां'चंच नाव घेतो. वीस वर्षं आपण ते ऐकलं आणि हे लोक म्हणजे कुणीतरी दुसरे, असं समजून चहाचा घोट घेतला. पण नागरिकत्वाची शपथ घेतली की त्या शब्दात आपणही येतो. मग एके दिवशी ज्युरी ड्यूटीचं पाकीट येतं. पहिल्यांदा आपण ते चुकवायच्या युक्त्या एकमेकांना विचारतो (खोटं सांगू नका, आपल्या प्रत्येक पार्टीत हा विषय निघतो!). पण ज्या राज्यांत मृत्युदंड आहे आणि जिथे आज आपल्या मंडळांचे गणपती बसतात, त्या टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियासारख्या ठिकाणी अशा खटल्यात निवड होताना थेट विचारलं जातं : तुम्ही ही शिक्षा देऊ शकाल का? कोणत्याही परिस्थितीत देणार नाही म्हणणाऱ्याला बाजूला बसवलं जातं. हा प्रश्न जेवणाच्या टेबलावरच्या वादाचा राहत नाही. उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तराने एक माणूस मरू शकतो.

आपल्याकडे या विषयावर मतं ठाम असतात, त्यामागे अनुभवही असतो. माझ्या वयाच्या पुणेकरांना १९७६ आणि ७७ सालची ती भीती आठवत असेल. जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांची हत्याकांडं झाली आणि अंधार पडायच्या आत दारं-खिडक्या लागू लागल्या. त्या खुनांबद्दल चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली, तेव्हा सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्यांत मीही होतो. त्या भावनेला मी आज नावं ठेवणार नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना शिकवायला जाणारे आपण कोण? 'आफ्टरशॉक'बद्दलची माझी पहिली तक्रार इथेच आहे. ज्या स्त्रीचा मिकी स्कॉटने जीव घेतला, तिच्या घरच्यांचा तो दिवस कसा गेला? त्यांना हलकं वाटलं, की काहीच वाटलं नाही? एपिसोड तिकडे फिरकत नाही. चौघांच्या चार वाटा दाखवल्या, पाचवी हवी होती.

कर्टिसची कथाही मला अर्धी वाटली. नीतिमान माणूस मृत्यू पाहिल्यावर देहाकडे वळतो, हे समजण्यासारखं आहे. पण ती मुलगी फक्त त्याला घसरवण्यासाठीच आणली आहे. तिला स्वत:चं म्हणून काही नाही. त्या घसरण्याची सावली पुढच्या सीझनमध्ये त्याच्या संसारावर पडते, तिथे ही कथा जास्त खरी होते.

तिसरी तक्रार मोठी आहे आणि ती शेवटाबद्दल आहे. (ज्यांना एपिसोड आधी पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) रात्री क्लेअर मॅकॉयला शोधत बारमध्ये येते. तो निघून गेलेला असतो. तिथे नशेत असलेला ब्रिस्को भेटतो. ती त्याला गाडीतून घरी सोडायला निघते आणि दारू प्यायलेल्या ड्रायव्हरची गाडी त्यांच्यावर आदळते. ब्रिस्को वाचतो. क्लेअर गेली, हे पुढच्या भागांतून कळतं. जिल हेनेसी मालिका सोडत होती, तेव्हा तिला घालवायचं कसं हा प्रश्न निर्मात्यांपुढे होता, हे मान्य. पण परिणाम काय झाला पाहा. चौघांपैकी एकटीच विचार करत होती. बाकी तिघे दिवसभर प्रश्नापासून पळत होते, ती प्रश्नाकडे चालली होती. नोकरी सोडायची, की राहून आतून बदल करायचा? तिचं उत्तर काहीही असतं तरी मालिकेला पुढे ते सांभाळावं लागलं असतं. अपघाताने ते ओझं उतरवलं. सकाळी राज्याने ठरवून केलेला मृत्यू, रात्री कुणीच न ठरवलेला मृत्यू, अशी जुळणी सुंदर दिसते खरी. पण दुसऱ्या मृत्यूच्या धक्क्यात पहिला विसरला जातो. सीझन संपल्यावर लोकांच्या तोंडी 'क्लेअर गेली' हेच राहिलं, मिकी स्कॉटचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मालिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पुढे जानेवारी १९९८ मध्ये 'अंडर द इन्फ्लुअन्स' या भागात मॅकॉय दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसावर खुनाचा खटला भरतो आणि त्याला अडकवण्यासाठी बचाव पक्षाच्या उपयोगाचा पुरावा दडवण्यापर्यंत जातो. क्लेअरचं दु:ख त्याला कायद्याच्या बाहेर ओढतं. 'आफ्टरशॉक'ने अर्धवट सोडलेला प्रश्न तिथे परत येतो : सूड आणि न्याय यांच्यामधली भिंत किती पातळ असते? 'लोकां'च्या वतीने उभा राहणारा माणूस स्वत:च्या वतीने कधी उभा राहतो, ते त्यालाही कळत नाही.

हे सगळं लिहिताना मला आपला 'कोर्ट' हा मराठी सिनेमा पुन:पुन्हा आठवत होता. चैतन्य ताम्हाणे यांचा हा २०१४ चा सिनेमा. व्हेनिसला गौरवला गेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि २०१५ मध्ये भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला. तोही कोर्टातल्या माणसांच्या मागे त्यांच्या घरापर्यंत जातो. एका लोकशाहिरावर विचित्र आरोप ठेवून खटला रेंगाळत राहतो आणि कॅमेरा सरकारी वकीलबाईंच्या मागोमाग लोकलमध्ये शिरतो, त्यांच्या स्वयंपाकघरात जातो, कुटुंबाबरोबर नाटकाला जातो. न्यायाधीशसाहेब सुट्टीत सहलीला जातात. गीतांजली कुलकर्णी यांनी उभी केलेली ती वकीलबाई वाईट नाही. आपल्या ओळखीतली आहे, कदाचित नात्यातली आहे. फरक एवढाच की तिच्या जेवणावर खटल्याची सावली पडत नाही. ब्रिस्को-मॅकॉय कोसळतात, ही माणसं शांत झोपतात.

यातलं खरं कोणतं? मला वाटतं, जास्त घडतं ते 'कोर्ट'मधलं. व्यवस्थेत काम करणारा माणूस बहुतेक वेळा घरी येऊन जेवतो आणि झोपतो. नाहीतर व्यवस्था चालणारच नाही. 'लॉ अँड ऑर्डर'चे बाकीचे साडेचारशे भागही तेच सांगतात : निकाल लागला, ब्रीफकेस बंद, चला घरी. म्हणूनच त्या गर्दीत हा एक भाग मोलाचा आहे. एका दिवसापुरतं का होईना, कुणाला तरी झोप लागली नाही.

आमच्या घरी हा एपिसोड कॉलेजात जाणाऱ्या मुलांबरोबर पाहिला, तेव्हा दोन तट पडले आणि ते पडायला हवेत. इथे वाढलेली मुलं हा प्रश्न हक्कांच्या भाषेत मांडतात, आपण तो गेलेल्या माणसांच्या भाषेत मांडतो. दोन्ही भाषा लागतात. येत्या हिवाळ्यात बर्फाने घरात कोंडलेला एखादा शनिवार मिळाला, तर हा भाग काढून बघा. सहावा सीझन डीव्हीडीवर निघालेला आहे, गावच्या लायब्ररीत विचारायला हरकत नाही. पाहून झाल्यावर टीव्ही बंद करा आणि मुलांना आधी बोलू द्या. ज्युरीच्या खोलीत उद्या कदाचित तीच बसणार आहेत.